सालीवरचे दोन ओरखडे

॥ श्री वीतरागाय नमः ॥

निपाणी,
पौष शुद्ध दशमी, मंगळवार,
ता. ११ जानेवारी १९३८

चि. आप्पाण्णा यास आक्काचे आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक चाललं आहे. तुझी खुशाली दिवाळीपासून कळलेली नाही. पुण्यात पोस्टाच्या पेट्या कमी असाव्यात असं समजून मी राग धरलेला नाही. थंडी बरी पडली आहे. तंबाखूला यंदा तेजी आहे, म्हणून चंद्रप्पामामांचा आवाजही चढा आहे. गल्लीतून त्यांच्या वखारीपर्यंत गेलं की दोन्हींचा ठसका लागतो. म्हैस व्याली, रेडी झाली. परसातल्या आडाचा रहाट बदलून घेतला. घरात मी एकटीच, त्यामुळं एवढीच बातमी असते, आणि तीही म्हशीच्या कृपेनं.

एक बातमी मात्र नवी आहे. मला चाळिशी लागली. बेचाळीस संपलं तरी मी दाद देत नव्हते, पण बस्तीच्या देवळात देवासमोर शास्त्र वाचताना ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. मामा म्हणाले, "वसंत पंचमीला समद्यांम्होरं वाचायचं हाय तुला. आडखळलीस तर माझी अब्रू जाईल." त्यांची अब्रू माझ्या डोळ्यांत असते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून गेल्या आठवड्यात बेळगावला जाऊन चष्मा करून आणला. उतरले होते कल्याणीकडं. आठवते ना? माझी शाळेतली मैत्रीण, तुला परसातले पेरू चोरताना पकडून जिनं तुझा कान पिळला होता ती. आता वकिलीणबाई झाली आहे, पण कान पिळायची सवय गेलेली नाही.

वसंत पंचमीचं मामांनी तुला कळवलं असेल. नसेल तर मी कळवते. आईची निषिधी बसवायची आहे. मळ्यात चिंचेखाली, जिथं तिला अग्नी दिला तिथंच. व्रत घेऊन अन्नपाणी सोडून देह ठेवणाऱ्या माणसाच्या नावानं आपल्या जैनांत असा दगड बसवतात, हे तुला सांगायला नको; पण तू इतकी वर्षं बाहेर आहेस, विसरलाही असशील. दगड काळा आहे, चांगला घोटलेला. त्यावर कोरलं आहे: ‘धोंडूबाई रायाप्पा मगदूम. क्रमाक्रमानं सर्व त्यागून, व्रत अखंड राखून, शके १८५३ वैशाखात समाधिमरण साधलं.’ आणि खाली बारीक अक्षरांत: ‘सेवा, कन्या ब्राह्मी.’ मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले तिकडं वळते.

चष्मेवाल्यानं बजावलं होतं की हा जवळचा चष्मा आहे, वाचण्यापुरता लावा, घालून हिंडलात तर जमीन वर आल्यासारखी वाटेल. मी घालूनच हिंडले. दुपारी कल्याणीचे यजमान म्हणाले, "तुमच्या भावाचं चित्र आलंय कॅम्पातल्या प्रदर्शनात. आमच्या मंडळानंच भरवलंय. बघायला चला." माझा भाऊ काय करतो हे मला परक्याकडून कळायची सवय आहे. गेले.

लांबलचक हॉल, भिंतीवर राजे, राण्या, धबधबे. पाण्याला निघालेल्या बायका तर किती होत्या, आणि एकीच्याही कमरेला घागरीचं ओझं कळत नव्हतं. तुझं चित्र एका कोपऱ्यात, बसायच्या पाटाएवढं. खाली चिठ्ठी, ‘वस्तुचित्र. ए. आर. मगदूम, पुणे.’ मी विचारलं, वस्तुचित्र म्हणजे काय? कल्याणी म्हणाली, ज्यात माणूस नसतो ते. मी म्हटलं, बरं.

लांबून मला एक पिवळा डाग दिसला. या चष्म्यातून लांबचं सगळं धुक्यात असतं. म्हणून जवळ गेले, आणि जवळ गेल्यावर आईची खोली दिसली.

खिडकीची ती कट्टी, जिच्या कोपऱ्यातला गिलावा तू लहानपणी खिळ्यानं खरवडला होतास, तो खरवडाही आहे. त्यावर आईचा तांब्याचा तांब्या. तांब्याजवळ तिची जपमाळ. त्या माळेतला एक मणी हरवला होता आणि मी माझ्या लहानपणच्या वेणीच्या गोंड्यातला निळा काचेचा मणी ओवून दिला होता. तो निळा मणी आहे. काशाची थाळी, एका बाजूला चेपलेली. मी नाक इतकं जवळ नेलं की तिथला शिपाई ओरडला, "बाई, मागं सरा, चित्राला चष्मा घासंल!" मी म्हटलं, "माझ्या घरची थाळी हाय ही, गप बस." तो बिचारा स्वतःच मागं सरला.

थाळीत आंबा आहे. कापलेला. एक गाल काढून घेतलेला, आणि बाजूला त्या फोडीची रिकामी साल, उलटी करून ठेवलेली. कल्याणी माझ्या खांद्यावरून म्हणाली, "किती रसाळ काढलाय गं! बघूनच तोंडाला पाणी सुटतं." मी म्हटलं, "व्हय." त्या सालीवर मधोमध दोन ओरखडे आहेत, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे. बाकी साल गुळगुळीत. आप्पाण्णा, आईला शेवटी खालचे दोनच दात राहिले होते.

साऱ्या बेळगावात ते दोन ओरखडे वाचू शकणारं माणूस मी एकटी. आणि मला वाचता यावेत म्हणूनच जणू त्या आठवड्यात चष्मा मिळाला.

मग मी उरलेलं सगळं वाचलं. थाळीशेजारी चाकू आहे. शिंगाच्या मुठीचा, मी तुला संकेश्वरच्या बाजारात घेऊन दिलेला, पेन्सिली तासायचा. आईच्या खोलीत चाकू, विळी काहीच ठेवलेलं नव्हतं. तांब्याखाली पाणी गाळायचं दुहेरी फडकं आहे, आणि त्याच्या टोकाला पिवळा डाग. तो डाग मी ओळखते. मी तो दोन दिवस घासला होता. मी समजले तुझा रंग लागला. केवढी बोलले तुला, आईच्या पाण्याच्या फडक्याला रंगाचे हात पुसतोस म्हणून. तू मान खाली घालून हसलास. मला वाटलं लाजलास.

आणि ऊन. ती खिडकी पश्चिमेची. चित्रात ऊन थाळीच्या कडेवर आडवं येऊन पडलं आहे, म्हणजे दिवस मावळायला घटका दीड घटका असेल. त्या वेळी मी रोज बस्तीत जात असे आणि तू म्हणत असस, "तू जा आक्का, मी बसतो आईजवळ." मी बस्तीतल्या बायकांना सांगत असे, बघा, चित्रं काढणारा असला तरी पोरगा आईला सोडत नाही.

निदान दिवस मावळायच्या आत दिलास. दिवस मावळल्यावर खायचं नाही, एवढं तरी आपल्या घरातलं तुझ्यात शिल्लक आहे.

आता विचार कर. आईनं फळं सोडली त्याला त्या दिवशी पंधरा दिवस झाले होते. मीठ सोडलं, तूप सोडलं, दूध सोडलं, मग फळं, मग धान्य, शेवटी नुसतं गाळलेलं कोमट पाणी. सगळ्या गावानं बघितलं. चिकोडीहून, कोगनोळीहून माणसं दर्शनाला आली. मी साती वर्षं लोकांना सांगत आले आहे की आईनं शेवटपर्यंत तोंडातून काही मागितलं नाही. तेच वसंत पंचमीला उभं राहून पुन्हा सांगायचं आहे, म्हणून तर चष्मा. आणि तुझं चित्र तिकडं भिंतीवर टांगून सांगतं आहे की आईनं आंबा खाल्ला.

मामा येत्या पंधरवड्यात कोर्टाच्या कामाला बेळगावला जाणार आहेत. वकीलसाहेब त्यांना कौतुकानं प्रदर्शनात नेणारच. तेव्हा दोहोंपैकी एक कर. एकतर मंडळाला तार करून ते चित्र उतरव. नाहीतर मला लिही की आक्का, तो आंबा मी कल्पनेनं काढला. पुण्याच्या बाजारातला आंबा, पुण्याच्या खोलीत, आणि ओरखडे ब्रशाचे आहेत. तू लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन. तू लहानपणी पेरू खाल्ला नाही म्हणायचास तेव्हा ठेवायचे तसा.

उलट टपाली उत्तर दे. प्रकृतीला जप. रात्री उशिरा जेवतोस असं कळलं, ते बंद कर.

तुझी आक्का,
ब्राह्मी

ता. क. चित्रात खिडकी उघडी आहे. मी बस्तीत जाताना ती रोज लावून जात असे. शेजारी मारुतीरावांच्या माळ्यावर आंब्याची आढी पिकत होती, तिचा वास आत येई म्हणून.

———

निपाणी,
ता. ८ फेब्रुवारी १९३८

चि. आप्पाण्णास आशीर्वाद.

म्हैस दूध नीट देते. खुशालीचा मजकूर संपला.

तुझं पत्र पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आलं. मी आडावर होते, पोस्टमननं तिथंच हातात दिलं. चष्मा घरात होता, म्हणून हात लांब करकरून वाचलं. सात ओळी लिहिल्यास. सात वर्षांच्या सात, हिशोब बरोबर.

तू खोटं लिहिलं नाहीस. मला वाटलं होतं लिहिशील. पेरूच्या वेळी इतकं सहज जमायचं तुला! ‘आक्का, कल्पना नाही. तू बस्तीत गेल्यावर आईनं मागितला. मी मारुतीरावांकडून एक आणला. खिडकी उघड म्हणाली, उघडली. एक फोड चोखली, दुसरी नको म्हणाली. बरं वाटलं म्हणाली. मग म्हणाली, ब्राह्मीला सांगू नगंस रं, लई बोलंल ती.’

हे वाक्य तू लिहायला नको होतंस. नाही, लिहायलाच हवं होतंस. मला काय हवं होतं ते मला कळत नाही. लई बोलंल ती. मरणाला टेकलेली बाई, अंगावर कातडं आणि हाडं, मुनिमहाराजांसमोर जगाची माया सोडलेली. नवऱ्याची सोडली, घराची सोडली, देहाची सोडली, आणि तिला शेवटची भीती उरली ती कशाची? माझ्या तोंडाची. माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली, आणि तिला माझीच चोरी होती.

आता मी मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. तू ओळखलं असशीलच. ‘तू बस्तीत गेल्यावर मागितला’ असं तू लिहितोस, पण त्याआधी तिनं कुणाकडं मागितला असेल हे तू विचारत नाहीस. तुझी ही सभ्यता मला नको.

तिनं माझ्याकडं मागितला होता. त्याच दिवशी, सकाळी. मी तिचे पाय चेपत होते. खिडकी तेव्हा उघडीच असायची. ती म्हणाली, "ब्राह्मी, मारुतीरावानं आढी लावलीया न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय."

"वास आलाय बघ. एक आण की गं. फोडभर."

इतकंच. रडून नाही, भ्रमात नाही. भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली.

मी काय केलं ते ऐक. मी उठले, खिडकी लावली, परत येऊन तिच्या कानाशी बसले आणि णमोकार मंत्र म्हणायला लागले. ती म्हणाली, "फोडभर गं." मी आवाज चढवला. ती आणखी काही म्हणाली, मी आणखी चढवला. सोप्यात दर्शनाला आलेल्या बायका बसल्या होत्या, त्या माझा आवाज ऐकून आत आल्या आणि माझ्यामागून म्हणू लागल्या. खोली भरून गेली. आईचे ओठ हलत होते. एकजण म्हणाली, "बघा गं, धोंडूबाई बी म्हणतीया!" सगळ्यांनी हात जोडले. आई मंत्र म्हणत नव्हती, आप्पाण्णा. तिचं तोंड माझ्या तोंडाशी होतं. ती काय म्हणत होती ते मी ऐकत होते.

मग ती थांबली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. त्या दिवसापासून मी बाहेर जाताना खिडकी लावून घेऊ लागले. म्हणजे ‘रोज लावत असे’ हे मी तुला खोटं लिहिलं. त्या दिवसापासून लावत असे.

आणि धर्माच्या माथी मारू नकोस, पुण्याची माणसं मारतील तशी. व्रत देण्याआधी महाराजांनी मला एकटीला बोलावलं होतं. म्हणाले होते, हे तिच्या मनाचं आहे, तुमच्या नव्हे. मन मागं फिरलं तर त्याच घडीला मला कळवा, जबरीनं कुणाचं व्रत होत नसतं. महाराज उतरले होते कुठं? दोन गल्ल्या पलीकडं. मी चालत गेले असते तर आईनं कूस बदलायच्या आत परत आले असते. नाही गेले.

का नाही गेले, तेही सांगते, सांगायचंच तर अर्धं कशाला. मला ते दिवस आवडत होते. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि मी मोकळं कपाळ घेऊन या घरात परत आले. त्यानंतर कुणाच्या लग्नात मी पुढं झाले नाही, कुणी केलं नाही. तू शाळेला, मग कोल्हापूरला, मग पुण्याला गेलास. मला कुठं जायचं होतं? आणि एकाएकी त्या अठरा दिवसांत बायका दारात मला वाकून नमस्कार करू लागल्या. मामा, ज्यांनी मला कधी बस म्हटलं नाही, ते मला विचारून पाणी प्यायला लागले. सगळे म्हणत, लेक असावी तर अशी. हे सगळं एका फोडीनं मोडणार होतं. म्हणून मी मंत्र मोठ्यानं म्हटला.

मी आंबा सोडला आहे हे गावाला ठाऊक आहे. आईच्या नावानं सोडला, असं लोक एकमेकांना सांगतात आणि मी सांगू देते. खरं म्हणजे पहिल्या वर्षी एक फोड तोंडात घातली होती. गिळता आली नाही.

आता तुझं. माझं झालं, तू सुटलास असं समजू नकोस. तू दिलीस, चांगलं केलंस; माझ्यापेक्षा चांगलं केलंस. पण मला का नाही सांगितलंस? आईनं नको म्हटलं म्हणून? आई तीन दिवसांत गेली. त्यानंतर सात वर्षं होती तुझ्यापाशी. मी इथं रोज त्या खोलीत केर काढते. रोज मला ते ‘फोडभर गं’ ऐकू येतं. तू एक ओळ लिहिली असतीस, की आक्का, ती तोंड कोरडं घेऊन गेली नाही, तर मी तुझ्यावर महिनाभर चिडले असते आणि नंतर झोपले असते. तुला कापड मिळालं, तेलाचे रंग मिळाले, चौकट मिळाली, बेळगावची भिंत मिळाली. एक पोस्टकार्ड मिळालं नाही. थाळीचा चेपसुद्धा आठवणीनं काढलास, मणी काढलास, मला तेवढं खोलीबाहेर ठेवलंस. आईनं ठेवलं तसंच.

मामांनी चित्र बघितलं. कोर्टाचं काम उरकून वकीलसाहेबांबरोबर गेले होते. घरी येऊन सोप्यात बसून मला म्हणाले, "आपली काशाची थाळी लई झ्याक काढलीया पोरानं. चेप बी सोडला न्हाय. आंबा कशाला काढला म्हंतो मी, चार पानं ठेवून तंबाखू काढायचा. आपल्या गावचं नाव झालं असतं." मी इथं दोन आठवडे देव पाण्यात घालून बसले होते. मामा चष्मा लावत नाहीत.

पंचमी पार पडली. चिंचेखाली मांडव घातला होता. दगडाला दुधाचा अभिषेक झाला, चंदन लावलं. माणसं इतकी की बांधावर बसली. तुझं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं. रात्रभर ठरवलं होतं की उभी राहीन आणि सांगेन: आईनं मागितलं होतं, मी दिलं नाही, महाराजांना कळवलं नाही; दगडावरचं ‘अखंड’ काढा आणि माझं नावही काढा. वाक्यं पाठ केली होती. मामांनी माझं नाव पुकारलं. मी उठले. चष्मा लावला. या चष्म्यातून समोरची माणसं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात, तेव्हा भीतीचं कारणच नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि मंत्र म्हणू लागले. तोच, त्याच आवाजात. पहिल्या ओळीनंतर सगळा मांडव माझ्यामागून म्हणू लागला. मला थांबता येईना. थांबले असते तर बोलावं लागलं असतं. लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. मामांनी, माझ्या मामांनी, माझ्यापुढं हात जोडले. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईनं माझ्या पदराला हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावला.

तेव्हा दगड बसला आहे. चुना वाळला आहे. त्यावरचं खोटं आता माझ्यामागंही राहील. म्हणून तू चित्र उतरवू नकोस. मागच्या पत्रातलं माझं म्हणणं रद्द समज. प्रदर्शन संपलं की वकीलसाहेबांकडं पडून राहू दे, नाहीतर पुण्याला ने, पण विकू नकोस आणि ओरखड्यांवर रंग फिरवू नकोस. चिठ्ठीवर लिहिलं आहे की यात माणूस नाही. असू दे तसंच.

आणि एक कर. वैशाखात ये. सात वर्षांत तू या घरी आला नाहीस, कामाचं कारण दिलंस, मीही बोलावलं नाही. आता बोलावते. तो शिंगाच्या मुठीचा चाकू आण. मारुतीराव गेले, पण त्यांच्या माळ्यावर सुना अजून आढी लावतात; वास अजून त्याच खिडकीतून येतो. एक आंबा आण. दिवस मावळायच्या आत, आईच्या खोलीत बस, मी तिच्या जागी बसेन. खिडकी उघड, दार ओढून घे. फोडभर काप.

माझ्या घशाखाली उतरेल की नाही मला माहीत नाही. उतरली तर कुणाला सांगू नकोस रं.

आज ‘आक्का’ अशी सही करवत नाही.

जिला सांगू नको असं आई म्हणाली होती,
ती ब्राह्मी